मिडगारची वीज कोणाची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. पण त्यात ‘फायनल फँटसी ७’ची जी ओळख करून दिली आहे, ती वाचून गप्प बसवेना. लेखात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: संगीत अप्रतिम आहे, खलनायक देखणा आहे आणि एक नायिका मध्येच मारली जाते तेव्हा रडू येतं. तिन्ही खऱ्या आहेत. मात्र हा गेम मुळात एका वीज कंपनीची गोष्ट सांगतो, याचा लेखात उल्लेखही नाही. माझ्या मते या गेमची सगळ्यात मोठी ताकद त्या वीज कंपनीत आहे आणि सगळ्यात मोठी उणीवही तिथेच आहे.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. जपानच्या स्क्वेअर कंपनीने ३१ जानेवारी १९९७ रोजी तो सोनीच्या प्लेस्टेशनसाठी बाजारात आणला. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, निर्माते हिरोनोबु साकागुची, संगीतकार नोबुओ उएमात्सु. या मालिकेचे आधीचे सहाही भाग निन्टेंडोच्या यंत्रांसाठी निघाले होते आणि १९९४चा सहावा भाग जेमतेम ३ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसला होता. निन्टेंडोने आपल्या नव्या यंत्रातही कार्ट्रिजच ठेवायचं ठरवलं. स्क्वेअरला चित्रफिती हव्या होत्या, त्या सीडीशिवाय मावणाऱ्या नव्हत्या. म्हणून ती सोनीकडे गेली आणि हा गेम तीन सीडींवर आला. हा रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे पात्रांची एक टोळी घेऊन गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, वाटेत लढाया करायच्या, त्यातून पात्रं बळकट होत जातात आणि गोष्ट पुढे सरकते. पूर्ण व्हायला चाळीसेक तास सहज लागतात.

सुरुवातीचं दृश्य पाहण्यासारखं आहे. चांदण्या दिसतात, मग हिरवट उजेडात एका मुलीचा चेहरा. ती फुलांची परडी घेऊन गल्लीतून रस्त्यावर येते आणि कॅमेरा मागे मागे, वर वर जात राहतो. आधी चौक दिसतो, मग वस्ती, मग मिडगार हे अख्खं शहर. मध्यभागी शिन्रा वीज कंपनीची उंच इमारत आणि कडेने आठ रिअ‍ॅक्टर. तिथून कॅमेरा तसाच खाली झेपावतो आणि धडधडत स्टेशनात शिरणारी आगगाडी दिसते. गाडीतून उतरलेली माणसं पहिल्या क्रमांकाचा रिअ‍ॅक्टर उडवायला निघालेली असतात आणि त्यांच्यातला भाडोत्री सैनिक क्लाउड म्हणजे आपण. हे सगळं एका दमात होतं. मध्ये एक शब्दही नाही.

शहराची रचना गाडीतल्या बोलण्यातून कळत जाते. जमिनीपासून ५० मीटर उंचीवर लोखंडी पट्ट्यांचं छत उभारलंय. छतावर नोकरदारांची घरं, छताखाली झोपडपट्टी. खालच्या लोकांना आभाळ दिसत नाही. पूर्वी इथे वेगवेगळी गावं होती, त्यांना नावं होती, पण ती आता कुणाला आठवत नाहीत. आता सगळे विभाग क्रमांकाने ओळखले जातात: सहा, सात, आठ. रिअ‍ॅक्टर ग्रहाच्या पोटातून ‘माको’ नावाची ऊर्जा उपसतात. दिवे लागतात ते त्यावरच, आणि जमीन वांझ होते तीही त्यामुळेच.

मी हा गेम शाळेत असताना खेळले. माझे वडील विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात पाळीवर काम करायचे आणि आम्ही केंद्राच्या कॉलनीत राहायचो. मस्कतला नोकरी करणाऱ्या मावसभावाने सुट्टीत येताना प्लेस्टेशन आणला आणि परत जाताना तो माझ्याकडेच ठेवला. मेमरी कार्ड मात्र तो आणायला विसरला होता. आमच्या भागात ते कुठे विकत मिळायचं नाही. कार्ड नसलं की खेळ साठवता येत नाही आणि यंत्र बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी दिवसचे दिवस टीव्ही बंद करून यंत्र तसंच चालू ठेवायची. मला ते जमलं कारण कॉलनीत लाइन जात नसे. कंपाउंडच्या भिंतीला लागूनच गाव होतं. तिथे माझी वर्गमैत्रीण राहायची. तिच्याकडे रोज संध्याकाळी लाइन जायची आणि कधी येईल याचा नेम नसायचा. राख मात्र दोन्हीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखीच बसायची. छतावरचं मिडगार आणि छताखालचं मिडगार मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

लेखकाने दखल घ्यायला हवी होती असा एक प्रसंग आता सांगते. अ‍ॅव्हलांच या बंडखोर गटाला चिरडण्यासाठी शिन्रा सातव्या विभागावरचं छत खालच्या वस्तीवर पाडते. गटाची बिग्ज, वेज आणि जेसी ही तीन माणसं त्यात जातात आणि वस्तीतले किती जातात याची तर गणतीच नाही. दोष मात्र बंडखोरांवर ढकलला जातो. त्यानंतर आपण शिन्राच्या मुख्यालयात घुसतो. ६६व्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहातून हवेच्या नळीत चढायचं, रांगत पुढे जायचं आणि जाळीतून खाली चाललेली संचालकांची बैठक ऐकायची. बैठकीत सातव्या विभागाच्या नुकसानीचा अंदाज मांडला जातो. अध्यक्ष सांगतात, पुन्हा बांधायचं नाही, तो विभाग तसाच राहू द्या. आणि माकोचे दर सगळीकडे १५ टक्क्यांनी वाढवा. अंतराळ विभागाचा प्रमुख पामर दरवाढ म्हणताच हरखून जातो आणि आपल्या विभागालाही त्यातून पैसे मागतो. शहर विकास पाहणारा रीव्ह हा एकच माणूस म्हणतो की लोकांचा विश्वास उडेल. अध्यक्ष म्हणतात, उलट वाढेल. सुरक्षा सांभाळणारा हायडेगर हसून पुस्ती जोडतो, बंडखोरांपासून लोकांना आपणच वाचवलंय ना.

१९९७च्या आणखी कुठल्या गेममध्ये खलनायक दरपत्रक घेऊन बसलेला दिसतो? जगाचा नाश करायला निघालेले राक्षस पुष्कळ पाहिले. इथे शेकडो माणसं मारल्यानंतरच्या बैठकीत दरवाढीचा ठराव होतो आणि तो साध्या कामकाजासारखा होतो. कुणी आवाज चढवत नाही. आपल्याकडे दरवाढीच्या प्रस्तावावर वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते, सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदवता येते. मिडगारमध्ये आयोग नाही, सुनावणी नाही, नगरपालिकाही नावापुरतीच. महापौराला त्याच इमारतीत कागदपत्रांच्या खोलीत बसवून ठेवलंय. वीज विकणारी, पोलीस पाळणारी आणि शहर चालवणारी कंपनी एकच. बारावीच्या मुलांना ऊर्जेचा धडा शिकवताना मला आजही ती बैठक आठवते.

दुसरी मोठी जागा कोरेलची. अ‍ॅव्हलांचचा म्होरक्या बॅरेट याच्या उजव्या हाताच्या जागी बंदूक आहे. मिडगारमध्ये तो सतत गरजत असतो, ग्रहाचं रक्षण करण्याच्या गोष्टी सांगत असतो. पुढे वाळवंटाच्या तोंडाशी त्याचं मूळ गाव लागतं, कोळशाच्या खाणीचं कोरेल. पाऊल ठेवताच गावकरी त्याला मारतात, शिव्या देतात. तो हात उचलत नाही. मग स्वतःच सांगू लागतो. शिन्राने गावात रिअ‍ॅक्टर बांधायचा प्रस्ताव आणला तेव्हा त्याचा मित्र डाइन याने एकट्याने विरोध केला होता, बापजाद्यांनी जी खाण राखली ती सोडायची नाही म्हणून. बाकी सगळे रिअ‍ॅक्टरच्या बाजूने होते आणि त्यात सगळ्यात पुढे बॅरेट, कारण कोळसा आता कोण विकत घेतो? रिअ‍ॅक्टर उभा राहिला, तिथे स्फोट झाला, शिन्राने खापर गावावर फोडून गाव जाळलं. बॅरेटची बायको त्यात गेली. तो आणि डाइन गावाबाहेर होते. डाइन कड्यावरून लोंबकळत होता, बॅरेटने त्याचा हात धरला होता आणि शिपायांची गोळी त्या धरलेल्या हातांतून गेली. एकाचा उजवा हात गेला, दुसऱ्याचा डावा. डाइनची तान्ही मुलगी मार्लिन हिला बॅरेटने स्वतःची म्हणून वाढवलं. डाइनची भेट होते ती कोरेलच्या अवशेषांवर उभ्या केलेल्या तुरुंगात, आणि त्या तुरुंगाच्या डोक्यावर शिन्राच्या राज्यातलं सगळ्यात झगमगीत मनोरंजन केंद्र आहे.

गेम जपानमध्ये आला त्यानंतर दोन महिन्यांनी, ३० मार्च १९९७ रोजी, क्यूशू बेटावरची मिइके कोळसा खाण बंद झाली. शंभरावर वर्षं चाललेली, जपानच्या औद्योगिकीकरणाच्या पायातली खाण. कोळसा गेला, तेल आलं, मग अणुऊर्जा आली, आणि खाणींची गावं ओस पडत गेली, हा जपानच्या चार दशकांचा इतिहास. कोरेलची गोष्ट मिइकेवरून घेतली असं मी म्हणत नाही. निर्मात्यांपैकी कुणी तसं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण खाणकामगाराच्या तोंडी ‘आता कोळसा कोण घेतो’ हे वाक्य घालायला जपानी लेखकाला कल्पना लढवावी लागली नसेल. आणि २०११च्या मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली तेव्हा साऱ्या जगाला कळलं की तिथली वीज टोकियोच्या परिसरासाठी बनत होती. वीज एकाच्या घरी आणि भट्टी दुसऱ्याच्या दारात, ही मांडणी या गेमने १४ वर्षं आधी पडद्यावर आणली होती.

आता खेळाच्या यंत्रणेबद्दल, कारण व्हिडिओ गेमचं परीक्षण गोष्ट सांगून संपत नाही. इथे सगळं मटेरियावर चालतं. मटेरिया म्हणजे गोठलेल्या माकोचे रंगीत गोळे. प्रत्येक हत्याराला आणि कड्याला खाचा असतात, त्यात ते बसवायचे. हिरवा गोळा जादूचा, लाल गोळा देवता बोलावण्याचा, पिवळा नव्या क्रियांचा, निळा इतर गोळ्यांना बळ देणारा. काही खाचा जोडीच्या असतात आणि खरी गंमत तिथे आहे. ‘रिस्टोर’ हा बरं करणारा गोळा. एकटा बसवला तर एकाच जखमी गड्याला बरं करतो. शेजारच्या जोडखाचेत निळा ‘ऑल’ बसवला की एकाच वेळी तिघांना. तोच ‘ऑल’ आगीच्या गोळ्याशेजारी ठेवला तर सगळ्या शत्रूंवर आग. ‘एलिमेंटल’ आणि आग कड्यात एकत्र बसवले तर शत्रूची आग आपल्याला कमी लागते. ‘फायनल अटॅक’ला ‘फिनिक्स’ जोडला तर शेवटचा गडी पडता पडता सगळे उठून उभे राहतात. यातलं फारसं कुणी शिकवत नाही, जोडून पाहावं लागतं. प्रयोगशाळेत पहिल्यांदा स्वतः जोडलेल्या सर्किटमध्ये दिवा लागल्यावर मुलांच्या तोंडावर जे उमटतं, तसलाच आनंद त्यात आहे. शिवाय बऱ्याच गोळ्यांची किंमत मोजावी लागते. जादू वाढवली की ताकद आणि जीव कमी होतो.

पण या यंत्रणेचा एक तोटा आहे आणि तो मला दर वेळी खटकतो. गोळे काढून कुणालाही बसवता येतात, त्यामुळे माणसामाणसांत फरकच उरत नाही. झोपडपट्टीत वाढलेली, फुलं विकणारी एरिथ आणि बंदूक हाताचा बॅरेट यांना तेच गोळे दिले की दोघं लढाईत जवळजवळ सारखीच वागतात. मालिकेच्या सहाव्या भागात प्रत्येकाची स्वतःची एक कला होती. इथे ती फक्त ‘लिमिट ब्रेक’मध्ये, म्हणजे मार खाऊन खाऊन पट्टी भरल्यावर करता येणाऱ्या खास हल्ल्यात, उरली आहे. गोष्टीत ज्यांना इतकं वेगळं, इतकं जिवंत केलं, त्यांना लढाईत खाचांच्या संख्येवर आणून ठेवणं ही मोठी उणीव आहे.

आणि आणखी एक प्रश्न. मटेरिया माकोचाच बनतो. ग्रहाचं रक्त उपसू नका म्हणून रिअ‍ॅक्टर उडवणारी माणसं दुकानातून तेच गोठलेलं रक्त विकत घेतात आणि त्याच्या जोरावर लढतात. आपण वीज वापरून विजेविरुद्ध लढतो आहोत का, हा प्रश्न एकाही पात्राला पडू नये? इतक्या चांगल्या लेखकांना तो सुचला असता तर कोरेलइतकाच खोल प्रसंग झाला असता.

लांबण आणि वेळकाढूपणा याबद्दल फार लिहीत नाही. लाल गोळ्यांचे हल्ले थांबवता येत नाहीत. तेरा सरदारांचा ‘नाइट्स ऑफ द राउंड’ सुरू केला की मिनिटभराहून जास्त वेळ हातावर हात ठेवून बसावं लागतं, आणि शेवटच्या लढाईतला ‘सुपरनोव्हा’ त्याहूनही लांब. मध्येच बर्फावर घसरण्याचा, संचलनात पावलं मिळवण्याचा, मोटरसायकलचा आणि पाणबुडीचा खेळ येतो. त्यातले काही बरे आहेत, काही लवकर संपावेत असे. पार्श्वभूमीची चित्रं सुंदर रंगवलेली आहेत, पण त्यात शिडी कुठली आणि भिंत कुठली ते कळत नाही. म्हणून सिलेक्ट बटण दाबून वाटांवर बाण दाखवायची सोय करावी लागली. पात्रांचे चेहरेही तीन तऱ्हांचे: चालताना ठेंगू आणि ठोकळेबाज, लढताना उंच, चित्रफितीत आणखीच वेगळे. इंग्रजी आवृत्तीत पहिल्याच मोठ्या शत्रूशी लढताना क्लाउडचा सल्ला अशा तऱ्हेने दोन तुकड्यांत येतो की शेपूट वर असताना हल्ला करा असं वाटतं. केला की लेझरने मार बसतो. आम्ही तो मार खाल्ला, तसा बहुतेकांनी खाल्ला असेल. त्याच आवृत्तीत बॅरेटची बोली अमेरिकी काळ्या माणसाच्या ठरीव साच्यातली केली आहे. ज्याच्या तोंडी कोरेलची कहाणी आहे त्याला असं बोलायला लावणं अन्यायाचं आहे.

आपल्या लेखात एरिथच्या मृत्यूला भाव दिला आहे, त्याबद्दल दोन वाक्यं. तो प्रसंग परिणाम करतो तो संगीतामुळे, कारण मृत्यूनंतर लगेच लढाई येते आणि तिथे लढाईचं संगीत वाजत नाही, एरिथचीच धून चालू राहते. आणि त्यानंतर गोळ्यांची यादी उघडली की तिला दिलेले गोळे परत आपल्या पेटीत आलेले दिसतात. पण माझ्या मते त्याहून धीराने लिहिलेलं पात्र म्हणजे क्लाउडची बालमैत्रीण टिफा. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या गावात, निबेलहाइममध्ये, काय घडलं हे क्लाउड सगळ्यांना सांगतो तेव्हा ती तिथेच बसलेली असते. तो सांगतोय तसं घडलेलं नाही, तो त्या वेळी तिला तिथे दिसलाच नव्हता, हे तिला जाणवतं. ती गप्प राहते. बोललं तर हा माणूस तुटेल अशी भीती तिला वाटत असते. कितीतरी तासांनी, दुसऱ्या सीडीवर, ती त्याच्याबरोबर त्याच्या आठवणींत शिरून एकेक गाठ सोडवते, आणि कळतं की तो कधी बडा सैनिक नव्हताच, साधा शिपाई होता. एवढ्या वेळ एका बाईच्या गप्प बसण्यावर कथा तोलून धरणं धाडसाचं आहे. मात्र त्याच कथेचा शेवटचा दुवा, क्लाउड ज्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगत होता त्या झॅक या खऱ्या सैनिकाचं काय झालं, तो निबेलहाइमच्या वाड्याच्या तळघरात परत गेलं तरच दिसतो. जाण्याचं काही कारण गेम देत नाही. कितीतरी जणांनी तो प्रसंग न पाहताच गेम संपवला असणार.

आता मूळ तक्रार. मिडगार सोडल्यावर गेम वीज कंपनीला हळूहळू सोडून देतो. सेफिरॉथ नावाचा पांढऱ्या केसांचा योद्धा येतो, त्याच्या शरीरात परग्रहावरच्या प्राण्याच्या पेशी असतात, तो अवकाशातून उल्का ओढून ग्रहाला जखमी करणार असतो आणि स्वतः देव होणार असतो. आपल्या लेखाने त्याला अविस्मरणीय म्हटलंय. दिसायला आहेच. पण तो आला की प्रश्न बदलतो. वीज कुणासाठी, जमीन कुणाची, छत कुणाच्या डोक्यावर, हे प्रश्न बाजूला पडतात आणि एका वेड्या माणसाला हरवायचं एवढंच उरतं. शिन्राचे संचालक, जे ६६व्या मजल्यावर भयंकर वाटले होते, ते पुढे हसवायला ठेवल्यासारखे होतात. हायडेगरचं ते खिदळणं, पामरला ट्रकची धडक. कंपनी कोसळते ती लोकांमुळे नाही. एका राक्षसी अस्त्राचा मारा इमारतीवर आदळतो आणि विषय संपतो.

मध्ये फक्त एकदा जुना प्रश्न परत येतो आणि त्या जागेसाठी मी या गेमला बरंच काही माफ करते. रीव्ह, तोच दरवाढीला विरोध करणारा अधिकारी, केट सिथ नावाच्या यांत्रिक मांजराच्या रूपात आपल्या टोळीत असतो. तोही स्वच्छ नाही. मार्लिनला ओलीस धरून त्याने टोळीत आपली जागा टिकवलेली असते. तो बॅरेटला विचारतो, पहिला रिअ‍ॅक्टर उडवलात तेव्हा किती माणसं मेली ठाऊक आहे का? बॅरेट म्हणतो, ग्रहासाठी होतं, थोडी माणसं जाणारच. रीव्ह म्हणतो, तुमच्या दृष्टीने थोडी, जी मेली त्यांचं तर सगळंच गेलं. बॅरेट चिडतो, शिन्राच्या माणसाकडून ऐकून घेणार नाही म्हणतो. उत्तर देत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत आपण स्वतः बटण दाबून जो स्फोट केला आणि टाळ्या वाजवल्या, त्याचा हिशेब गेम आपल्याकडे मागतो. आणि मागणारा माणूस स्वतः त्या कंपनीचा पगार घेतो. वडील ज्या खात्यात होते त्या खात्याविषयी घरात बोलायची चोरी असलेल्या मुलीला हा रीव्ह फार जवळचा वाटला होता. आत राहून हरकत घेणारी माणसं असतात, ती बहुतेक वेळा हरतात, आणि तरी तीच शेवटी लोकांना हलवण्याची व्यवस्था करतात. उल्का शहरावर येते तेव्हा छतावरच्या लोकांना खाली झोपडपट्टीत आसऱ्याला नेण्याचं काम रीव्हच करतो.

शेवटी पाचशे वर्षांनंतरचं मिडगार दिसतं, झाडावेलींनी झाकलेलं. दृश्य सुंदर आहे. पण मधल्या पाचशे वर्षांत त्या लाखो लोकांनी दिवे कशावर लावले? गेमकडे उत्तर नाही. २००५ मध्ये पुढची कथा सांगणारा चित्रपट आला, त्यात बॅरेट तेलाचे साठे शोधत फिरताना दिसतो. म्हणजे कोळशाकडून माकोकडे आणि माकोकडून तेलाकडे. कोरेलच्या माणसाला यापेक्षा चांगला शेवट मिळायला हवा होता.

आता नव्या रूपाबद्दल, कारण आपला लेख त्याची शिफारस करून संपतो. २०२० मध्ये आलेल्या रिमेकने एकट्या मिडगारचा पूर्ण गेम केला. त्यातल्या काही गोष्टी मला फार आवडल्या. छतावरच्या वसाहतीत जेसीचं घर दाखवलंय. आई जेवायला वाढतेय, आणि आतल्या खोलीत वडील पडून आहेत, कंपनीच्या कामात माकोची बाधा झालेले. मूळ गेममध्ये जेसीला दहा वाक्यंही धड मिळाली नव्हती. पण त्याच रिमेकने रिअ‍ॅक्टरचा स्फोट बदलला. आता अ‍ॅव्हलांचचा बॉम्ब लहान असतो आणि मोठा स्फोट शिन्रा स्वतःच घडवून आणते. नायकांचे हात स्वच्छ झाले. मग रीव्हचा तो प्रश्न कुणाला विचारायचा? जुन्या गेमची चित्रं ठोकळेबाज होती, पण त्याने दोष जिथला तिथे ठेवला होता. नव्याने चेहरे सुंदर केले आणि दोष पुसला. याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही, आणि आपल्या लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.

आपल्याला विनंती आहे की नाटक-पुस्तकांची परीक्षणं छापता तशीच अशा गेमचीही छापा. कोणता प्रसंग कसा लिहिलाय, यंत्रणा गोष्टीला साथ देते की नाही, कुठे लेखक कमी पडले, असं. नुसती चित्रं आणि संगीत चांगलं आहे म्हटल्याने वाचकाला काही कळत नाही, आणि ज्या पालकांना हे सगळं वेळेचा अपव्यय वाटतं त्यांनाही काही सांगितल्यासारखं होत नाही. माझ्या वर्गात असे गेम खेळणारी मुलंमुली आहेत. गेममधल्या कंपन्या, युद्धं, शहरं यांवर ती माझ्याशी तावातावाने वाद घालतात. तो वाद छापील मराठीत कुठे वाचायला मिळत नाही.

ज्यांना मूळ गेम खेळून पाहायचा असेल त्यांना तो आज फोनवर आणि संगणकावरही मिळतो. नव्या आवृत्त्यांत वेग तिप्पट करायची आणि वाटेतल्या लढाया बंद करायची सोय आहे, त्यामुळे वर सांगितलेली लांबण बरीच टळते. चाळीस तास देणं शक्य नसेल तर मिडगार संपेपर्यंत खेळावा आणि जमलं तर कोरेलपर्यंत. कोरेलला पोचल्यावर बॅरेटच्या मागे लगेच धावू नये, गावातल्या प्रत्येक माणसाशी आधी बोलून घ्यावं.

आपली,
एक नियमित वाचक, नागपूर